एअरगनचा ग्रुप, म्हणजे भोकांचा गठ्ठा, अचानक पांगला? नागपूरच्या उन्हाळ्यात हमखास होणारा बिघाड आणि तो शोधायचा क्रम

मे महिना लागला की कोणी ना कोणी चादरीत गुंडाळलेली एअरगन घेऊन माझ्या फाटकाशी येतंच. "काका, परवापर्यंत बरोबर काळ्या गोलात लागत होते जी. आता छर्रे कुठंही जाऊन राहिले. बंदूक बिघडली वाटते." मी बंदुकांचा कारागीर नाही, हिंगण्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. पण घरी १० मीटरवर कार्ड, म्हणजे वर्तुळं छापलेला कागदी निशाणा, मारायचा छंद बरीच वर्षं आहे आणि ही तक्रार आता इतक्यांदा सोडवली आहे की क्रम तोंडपाठ झाला. आलेल्या बंदुकांपैकी खरोखर बिघडलेल्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. बाकीच्यांत ढिला स्क्रू, दबलेले छर्रे किंवा प्रेमाने टाकलेलं तेल.

खालचं सगळं नळी मोडून लोड करायच्या, स्प्रिंगवाल्या, ४.५ एमएमच्या बंदुकीसाठी आहे. आपल्याकडे घरोघरी तीच असते.

आधी कार्ड बघा, बंदूक नंतर

नवं कार्ड लावा, बसून, कोपर टेकवून पाच छर्रे मारा. एकाच छर्‍यावरून काहीही ठरवू नका. मग भोकं कशी पडलीत ते बघा, कारण निम्मं निदान तिथंच होतं.

पाचही भोकं एकमेकांना चिकटून, पण सगळा गठ्ठा नेहमीच्या जागेवरून सरकलेला: बंदूक ठीक आहे. नेमाची साधनं, उजेड किंवा तुमची बसण्याची पद्धत बदलली आहे.

चार एकत्र आणि पाचवं दूर, आणि असं पुन्हा पुन्हा: जवळपास नक्की छर्रे.

भोकं चहूकडे पांगलेली: स्क्रू, पकड किंवा नळी.

भोकं उभ्या रेघेत, खालीवर: छर्‍याचा वेग कमीजास्त होतो आहे. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने निघाला, तर हवेचा अडथळा न धरता १० मीटरमध्ये तो साधारण १५ मिलिमीटर खाली येतो. वेग १५० वर आला की २२ मिलिमीटर. हा ७ मिलिमीटरचा फरक. रायफलच्या १० मीटर कार्डावर एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ अडीच मिलिमीटरवर असतं, म्हणजे जवळपास तीन गुण गेले.

दहा-पंधरा छर्‍यांत गठ्ठा हळूहळू एकाच दिशेला सरकत जातो: दुर्बीण मागे घसरते आहे.

कार्ड ठीक, पण आवाज फटाक्यासारखा, नळीच्या तोंडातून धूर आणि जळका वास: आत तेल गेलं आहे. हे दिसलं तर पुढचा एकही छर्रा न मारता थेट तेलाच्या भागाकडे जा.

हात लावण्याआधी

नळी उघडून आत छर्रा नाही ना, हे डोळ्यांनी बघा. नळी मोडलेली असताना एका हाताने ती घट्ट धरूनच ठेवा आणि त्या अवस्थेत चाप कधीही ओढू नका. स्प्रिंग सुटली तर नळी झटक्यात वर येते, बोटं चेचतात आणि नळी कायमची वाकते. छर्रा न घालता रिकामी बंदूकही उडवू नका. छर्‍यामुळे पिस्टनच्या पुढे हवेची उशी तयार होते. ती नसेल तर पिस्टन थेट लोखंडावर आदळतो.

चाचणीसाठी मारतानाही चष्मा हवा, मागे लोखंडी पत्रा आणि त्याच्या पुढे दाबून भरलेल्या रद्दीचा जाड गठ्ठा हवा, आणि मधल्या रेषेत उघडणारं प्रत्येक दार आतून बंद हवं. आमच्या महालातल्या जुन्या घरात ओसरीपासून मागच्या सांदवाडीपर्यंत जवळपास ३३ फुटांची सरळ रेघ मिळायची, म्हणजे बरोबर १० मीटर, पण त्या रेघेत स्वयंपाकघराचं दार येत होतं. त्या दाराला कडी लागल्याशिवाय मी छर्‍यांची डबी उघडत नसे. छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरू नका आणि झाल्यावर हात साबणाने धुवा, विशेषतः रद्दीचा गठ्ठा उपसल्यावर.

पहिली तपासणी: पकड आणि उजेड. खर्च शून्य

स्प्रिंगवाल्या बंदुकीत चाप ओढल्यावर आधी पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे बंदूक मागे सरकते. पिस्टन थांबला की तीच बंदूक पुढे झटका खाते. हे सगळं छर्रा अजून नळीत असताना घडतं. म्हणून बंदूक दर वेळी सारखीच हलू द्यावी लागते. विटेवर, खिडकीच्या चौकटीवर किंवा खुर्चीच्या हातावर टेकवली की ती उसळते आणि ग्रुप पांगतो. खाली रेतीची मऊ थैली, त्यावर उघडा तळहात आणि तळहातावर बंदूक नुसती ठेवलेली. आवळायची नाही. लोखंडी भाग ज्यात बसतो त्या दस्त्याच्या ज्या जागी तळहात आहे तिथे पेन्सिलची खूण करा. ती जागा एक इंच पुढे-मागे झाली तरी गठ्ठा सरकतो. मला कोणी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, मग मी दोन कार्डं मारून स्वतः बघितलं.

छर्रा लागल्याचा आवाज येईपर्यंत माशीवरून, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून, नजर उचलू नका. नवीन मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. चाप ओढला की लगेच डोकं वर, कुठं लागलं ते बघायला.

उजेडाचं तर लोकांच्या लक्षातच येत नाही. उघड्या नेमावर, म्हणजे मागची खाच आणि पुढची माशी असेल तर, उजेड ज्या बाजूने पडतो ती बाजू डोळ्याला मोठी दिसते आणि नेम नकळत सरकतो. सकाळी खिडकीच्या उजेडात बरोबर आणि रात्री ट्यूबलाइटखाली चूक, असं होत असेल तर स्क्रूला हात लावू नका. कार्डावर एक दिवा कायमचा लावा आणि त्याच उजेडात मारा.

आणि कूलर. छर्‍याच्या वाटेवर आडवा झोत येत असेल तर पाच छर्रे होईपर्यंत बंद करा.

दुसरी तपासणी: स्क्रू. इथंच बहुतेकांचं काम होतं

दस्त्याच्या पुढच्या भागात दोन बाजूंना दोन स्क्रू असतात आणि चापाच्या कड्याजवळ एक किंवा दोन. लोखंडी भाग लाकडाला धरून ठेवणारे एवढेच. ते ढिले झाले की लोखंड दर वेळी लाकडात वेगळ्या जागी बसतं आणि ग्रुप पसरतो.

ते उन्हाळ्यातच का ढिले होतात? आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं. मग एप्रिल-मे येतो, पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी ठाक. लाकूड आकसतं, स्क्रू तेवढाच राहतो आणि त्याच्या डोक्याखाली केसाएवढी फट पडते. वर त्या दुहेरी झटक्याची भर. माझ्या जुन्या कार्डांवर तारखा आहेत. पाच वर्षांची कार्डं एकदा जमिनीवर मांडली, तर दर वर्षी ग्रुप पांगल्याची पहिली तारीख एप्रिलच्या शेवटी किंवा नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, आसपास निघाली. प्लास्टिकच्या दस्त्यात हा आकसण्याचा भाग नाही, पण झटका आहेच, म्हणून तिथंही तपासा.

पेचकस नेमका खाचेत बसणारा घ्या. बारीक पेचकसाने डोकं झिजलं की तीस रुपयांचं काम तीनशेचं होतं. पुढचे दोन स्क्रू आलटून पालटून आवळा, एक पूर्ण आणि मग दुसरा असं नको. स्क्रू लागला असं हाताला जाणवलं की पुढे फक्त पाव फेरा. जोर लावला तर लाकूड दबतं, आणि दबलेल्या लाकडात स्क्रू पुन्हा टिकत नाही. डोक्याखालचा दातेरी वायसर हरवला असेल तर तो आधी आणा.

आता माझी आवडती युक्ती. स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या दस्त्यापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला हे पेचकस न लावता कळतं. माझ्या बंदुकीवर लेकीच्या लाल नेलपॉलिशच्या चार रेघा आहेत. स्क्रू वारंवार फिरत असेल तर आटे पुसून निळ्या रंगाच्या, पुन्हा उघडता येईल अशा थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे धरून ठेवणाऱ्या चिकट द्रवाचा, एक थेंब लावा. लाल रंगाचा लावू नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

आवळलं? आता बाकी काहीही न बदलता पाच छर्रे मारा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. स्क्रू आवळला, छर्रे बदलले, दुर्बीण हलवली आणि मग कार्ड सुधारलं, तर कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा सुरुवातीपासून.

तिसरी: नेमाची साधनं

माशी आणि मागची खाच बोटाने हलवून बघा. मागच्या खाचेचा छोटा स्क्रू बरेचदा हलका झालेला असतो.

दुर्बीण असेल तर तिच्या क्लॅम्पच्या अगदी मागे, बंदुकीच्या खोबणीत पेन्सिलची रेघ ओढा आणि वीस छर्रे मारा. रेघ आणि क्लॅम्प यांच्यातलं अंतर बदललं तर दोषी सापडला. मोठ्या रायफलीची महागडी दुर्बीण इथे चालेलच असं नाही. त्या बंदुका फक्त मागे झटका देतात, स्प्रिंगवाली दोन्ही बाजूंना देते आणि आतल्या काचा सैल होतात. शिवाय पुष्कळ दुर्बिणी १०० यार्डांसाठी जुळवलेल्या असतात. १० मीटरवर डोळा जरासा हलला की दुर्बिणीतली फुलीही कार्डावर हलते. खात्री करायची सोपी रीत: दुर्बीण उतरवा आणि उघड्या नेमाने पाच मारा. ग्रुप लहान झाला तर बंदूक निर्दोष.

चौथी: छर्रे

डबीतले वीस छर्रे काचेवर ओता आणि भिंगाने मागचा घेर बघा. छर्रा कमरेत बारीक असतो आणि मागे पातळ झग्यासारखा घेर. हवेच्या दाबाने तो घेर फुलून नळीच्या आतल्या पिळदार आट्यांना घट्ट बसतो. एका बाजूला चेपलेला असेल तर हवा तिथून निसटते आणि छर्रा डगमगत जातो. स्वस्त डबीत असे शेकडा दहा-पंधरा मला सहज सापडले आहेत. डबी खिशात घेऊन फिरणाऱ्याच्या डबीत त्याहून जास्त.

मग आतमध्ये बसवताना बोटाला काय जाणवतं ते बघा. एक सहज आत घसरतो आणि दुसऱ्याला अंगठ्याने दाबावं लागतं, तर तो माल कार्डासाठी नाही. इतवारीच्या सराफा बाजारात सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल काटा असेल तर वजनही करा. कार्डासाठी चपट्या तोंडाचे घ्या. ते कागदात गोल स्वच्छ भोक पाडतात आणि गुण मोजायला वाद राहत नाही. दोन-तीन प्रकारच्या लहान डब्या आणून प्रत्येकाचे पाच-पाच मारा. एकाच कंपनीच्या दोन बंदुकांनाही वेगवेगळे छर्रे मानवतात, त्यामुळे मित्राला जमला म्हणून पाचशेची डबी आणू नका.

पाचवी: तेल आणि नळी

हा भाग मला कळकळीने सांगायचा आहे, कारण इथं चांगल्या बंदुका खराब झालेल्या मी पाहिल्या. आवाज जड वाटला किंवा उन्हाळ्यात बंदूक कोरडी वाटली की लोक शिलाई मशीनचं तेल हवेच्या भोकात सोडतात. पिस्टन पुढे येताना हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि तेलाची वाफ पेट घेते. डिझेल इंजिनात होतं तेच. छर्रा फटाक्यासारखा सुटतो, वेग दर वेळी वेगळा, आणि आतलं पिस्टनचं सील व स्प्रिंग झिजत जातात. मागच्या वर्षी एका पोराने "आवाज भारी येऊन राहिला, ताकद वाढली" म्हणून आनंदाने बंदूक दाखवायला आणली. पंधरा दिवसांत सील गेलं.

जुन्या चामडी वायसरच्या बंदुकीला थोडं तेल लागतं, ते वेगळं. आपली कोणती ते ठाऊक नसेल तर आत थेंबही टाकू नका. तेल गेलंच असेल आणि नुसता पातळ धूर दिसत असेल तर बंदूक एक-दोन दिवस नळी खाली करून उभी ठेवा, मग छर्रे घालून वीस-तीस मारा. धूर विरत गेला पाहिजे. प्रत्येक छर्‍याला कडाडून आवाज येतच राहिला तर थांबा, ते काम कारागिराचं.

बाहेरून मात्र नळी पुसायलाच हवी. कूलरच्या खोलीत हवा दमट असते आणि घामाच्या बोटांचे ठसे दोन दिवसांत तांबूस होतात. तेलाचा हात लावलेल्या फडक्याने बाहेरून पुसा आणि बंदूक कूलर नसलेल्या खोलीत, कुलपात ठेवा.

नळी आतून साफ करायला मासेमारीचा जाड दोरा दुमडून मागच्या बाजूने, म्हणजे छर्रा जिथे घालतो तिथून आत घाला, तोंडाकडून बाहेर काढा, मागच्या फासात सुती कापडाची छोटी पट्टी अडकवा आणि ओढा. लोखंडी सळई तोंडाकडून खुपसू नका. साफ केल्यावर पहिले दहा-वीस छर्रे इकडेतिकडे जातात. घाबरू नका, ते मोजू नका.

सहावी: सांध्याचं सील आणि नळीचा खेळ

नळी जिथे मोडते तिथे रबराची छोटी ओ-रिंग असते. पतंगाच्या पातळ कागदाची बोटभर पट्टी घ्या, एक टोक चिकटपट्टीने बंदुकीवर चिकटवा आणि मोकळं टोक सांध्यावर येऊ द्या. छर्रा घाला, कार्डावर मारा. टोक फडकन वर उडालं किंवा फाटलं तर हवा गळते. नुसतं थरथरलं तर ते झटक्याने. जुनी रिंग बोथट सुईने काढा आणि तीच नमुना म्हणून रबराच्या दुकानात न्या. नवी रिंग लोखंडाच्या पातळीपेक्षा कागदाच्या जाडीएवढी वर हवी. खाली राहत असेल तर तिच्याखाली पोस्टकार्डाची गोल चकती कापून घाला.

आता बंदूक पूर्ण तयार करा, म्हणजे स्प्रिंग बसू द्या, आणि नळी अर्धवट उघडी धरून हळूच आधार सैल करा, हात मात्र खालीच असू द्या. नळी जिथे आहे तिथेच राहिली पाहिजे. आपोआप खाली पडली तर सांध्याचा बोल्ट सैल आहे. बाहेरून दिसणारा आणि पेचकस लागणारा बोल्ट असेल तर थोडा थोडा आवळून बघा. ठोकून बसवलेली पिन असेल तर हात लावू नका. बंदूक बंद असताना नळी डावी-उजवी हलत असेल तर तेही याच दोषात येतं.

शेवटी तोंड बघा. कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडात किंचित घालून चारही बाजूंनी बाहेर ओढा. कापूस एकाच जागी अडकत असेल तर तिथे चरा आहे आणि बाहेर पडणाऱ्या छर्‍याला तिथं धक्का बसतो. घरी कानस लावून तो काढायचा मोह होतो. लावू नका.

इथे थांबा

स्प्रिंग आणि पिस्टन घरी उघडू नका. मागची पिन काढली की दाबून बसवलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते. ती दाबून धरायला वेगळं साधन लागतं आणि मी एवढी वर्षं मशीन उघडतो आहे तरी तो भाग मी कारागिराकडेच पाठवतो. तयार करताना आतून करकर आवाज येतो, नेहमीपेक्षा जोर कमी किंवा जास्त लागतो, तयार केलेली बंदूक हलक्या धक्क्याने आपोआप सुटते, नळी बघताना वाकडी दिसते: यांपैकी काहीही असलं तर मारणं बंद. आपोआप सुटणाऱ्या बंदुकीत छर्रा घालून "एकदा बघतो" असं अजिबात नको.

आधीच दाबलेल्या हवेच्या, म्हणजे पीसीपी बंदुकीची टाकी गळत असेल तर एकही जोड सैल करू नका. त्यात साधारण २०० बारचा दाब असतो.

आणि ताकद वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ एमएमपर्यंतची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ऊर्जा असेल तरच एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. अर्धा ग्रॅमचा छर्रा १८० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा साधारण ८ ज्यूल, आणि १० मीटरवर कागदाला भोक पाडायला ती भरपूर आहे.

कारागिराकडे जाताना बंदूक एकटी नेऊ नका. बिघाड होण्यापूर्वीचं एक कार्ड, नंतरचं एक, दोन्हींवर तारीख, आणि ज्या डबीतून मारलं ती छर्‍यांची डबी सोबत द्या. कोणत्या तपासण्या करून झाल्या ते चिठ्ठीवर लिहा, म्हणजे तो स्क्रू आवळण्याचे पैसे घेणार नाही. बंदूक परत आली की नवं सील आणि नवी स्प्रिंग बसायला पन्नास-साठ छर्रे द्या, त्यानंतरच नेम जुळवा.